सरकारचं कर्ज आणि बाईचं म्हातारपण

(एकट्या स्त्रिया आणि असंघटित कामगार स्त्रियांबरोबर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या सत्राचं नाव 'राष्ट्रीय कर्ज, व्याजदर, महागाई आणि निवृत्तीनंतरची सुरक्षा' असं छापलंय. मघाशी चहाच्या वेळी एकजण म्हणाली, "ताई, आमच्या बायांना निवृत्ती कुठली? हातपाय चालतात तोवर काम, मग खाट." तिचं म्हणणं खरं आहे. तरीही, किंबहुना म्हणूनच, हा विषय घ्यायचा आग्रह मी धरला. ज्यांना निवृत्ती आहे त्यांच्यासाठी बोलणारे पुष्कळ आहेत. ज्यांना ती नाही, त्यांच्या म्हातारपणाचा हिशेब मात्र दिल्ली-मुंबईच्या कागदांवर परस्पर मांडला जातो.

मी अर्थतज्ज्ञ नाही. समाजकार्याचं शिक्षण घेतलं आणि गेली बारा वर्षं वस्तीत काम करते आहे. निराधार योजनेचे अर्ज भरणं, तहसील कचेरीत खेटे घालणं, प्रॉव्हिडंट फंडाच्या कागदांवर बायांचे अंगठे घेणं, हे माझं रोजचं काम. हे करताना एकच प्रश्न सारखा समोर येतो. बाई आयुष्यभर राबते, चार पैसे मागे टाकते, तरी साठीनंतर तिच्या हातात काहीच का उरत नाही? काही कारणं आपण नेहमी बोलतो: कमी मजुरी, तुटक नोकरी, जमीन-घर नवऱ्याच्या नावावर. पण आणखी तीन कारणं आहेत. ती आपल्याला अवघड वाटतात म्हणून आपण बाजूला ठेवतो. आज त्यांच्याबद्दल बोलू.

सरकार कोणाचं कर्ज काढतं?

बचत गट चालवणाऱ्या बायांना कर्ज म्हणजे काय हे शिकवायला नको. पापडाचं यंत्र घ्यायला काढलेलं कर्ज आणि बारशाच्या जेवणाला काढलेलं कर्ज यांतला फरक गटातली कोणतीही बाई सांगेल. पहिलं स्वतः फिटतं, दुसरं फेडावं लागतं. सरकारचंही तसंच आहे. कर बसवून मिळतात त्यापेक्षा जास्त खर्च झाला की सरकार उसने घेतं. धरण, रेल्वे, शाळा यांसाठी घेतलं तर त्यातून पुढे काही उभं राहतं. जुन्या कर्जाचं व्याज भरायला नवं घेतलं तर फक्त ओझं वाढतं.

ओझं किती? २०२५-२६ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात एकूण खर्च ५० लाख ६५ हजार कोटी रुपये धरला होता. त्यातले १२ लाख ७६ हजार कोटी नुसत्या व्याजाचे. चार रुपयांतला एक रुपया व्याजात. दिवसाला भागलं तर रोजचे जवळजवळ साडेतीन हजार कोटी. आता त्याच अंदाजपत्रकातला दुसरा आकडा बघा. देशभरातल्या निराधार वृद्ध, विधवा आणि अपंगांना केंद्र सरकार पेन्शन देतं, त्या राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रमासाठी वर्षभराची तरतूद होती ९,६५२ कोटी. म्हणजे तीन दिवसांच्या व्याजाहूनही कमी. हे दोन आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहून ठेवा, पुढे लागतील.

हे व्याज जातं कोणाला? पुष्कळांना वाटतं, परदेशी सावकाराला. १९९१ मध्ये तशी वेळ आली होती. परकीय चलन संपत आलं आणि देशाचं सोनं परदेशात गहाण टाकावं लागलं. मंगळसूत्र गहाण टाकलेल्या बाईला ती नामुष्की वेगळी समजावून सांगायला नको. पण आज केंद्र सरकारचं बहुतांश कर्ज देशातलंच आणि रुपयांतलंच आहे. सरकारचे रोखे घेतात बँका, आयुर्विमा महामंडळ, प्रॉव्हिडंट फंड. पोस्टातल्या अल्पबचतीचा पैसाही, १९९९ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय अल्पबचत निधीतून, सरकारला कर्ज म्हणून जातो.

जरा थांबून याचा अर्थ बघू. बँकेत ठेव असलेली शिक्षिका, पोस्टात आवर्ती ठेव भरणारी मोलकरीण, फंड कापला जाणारी विडी कामगार, या सगळ्या सरकारच्या सावकार आहेत. सावकार म्हटलं की तुम्हाला हसू येतंय. पण हा असा सावकार आहे, ज्याला व्याजाचा दर ठरवता येत नाही, आणि मुद्दल परत येईल तेव्हा त्यात काय विकत मिळेल हेही सांगता येत नाही.

व्याजदर: ठेवीला सहा, कर्जाला चोवीस

दर ठरवतं कोण? रिझर्व्ह बँक आपला रेपो दर ठरवते, त्यामागून बँकांच्या ठेवींचे आणि कर्जांचे दर हलतात. अल्पबचतीचे दर सरकार दर तिमाहीला जाहीर करतं. फंडाचा दर त्याचं विश्वस्त मंडळ सुचवतं आणि अर्थ मंत्रालय मान्य करतं.

सरकार स्वतः सगळ्यांत मोठं ऋणको असल्यामुळे दर खाली राहणं त्याच्या सोयीचं असतं. यात कोणाचा दुष्टपणा शोधायची गरज नाही, कर्ज घेणाऱ्या प्रत्येकाची सोय तीच असते. पण ती आपली सोय नाही. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीवर, म्हणजे पीपीएफवर, १९८६ पासून १९९९ अखेरपर्यंत १२ टक्के व्याज होतं. एप्रिल २०२० पासून ते ७.१ टक्के झालं. कामगारांच्या फंडावर नव्वदच्या दशकात १२ टक्के मिळत. २०२१-२२ मध्ये ८.१ मिळाले, चाळीस वर्षांतला नीचांक. २०२४-२५ साठी ८.२५.

३१ मार्च २०२१ ची गंमत तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. त्या दिवशी संध्याकाळी सरकारने अल्पबचतीचे दर एकदम खाली आणल्याचं जाहीर केलं. पीपीएफ ६.४, बचत खातं ४ वरून साडेतीन. दुसऱ्या दिवशी सकाळी अर्थमंत्र्यांनी सांगितलं की तो आदेश नजरचुकीने निघाला होता, मागे घेतला आहे. पश्चिम बंगाल, आसामसह काही राज्यांत तेव्हा निवडणुका चालू होत्या. एका रात्रीत दर खाली येऊ शकतो आणि एका रात्रीत परत वर जाऊ शकतो, म्हणजे हे दर पावसासारखे आभाळातून पडत नाहीत. ते माणसं ठरवतात, आणि माणसांवर दबाव आणता येतो.

आता कोणी म्हणेल, मग दर वाढवा अशी मागणी करू. इथे सावध राहायला हवं. आपल्यातल्या बहुतेक बाया ठेवीदार कमी आणि कर्जदार जास्त आहेत. मायक्रोफायनान्सवाला दर आठवड्याला दारात उभा राहतो, त्याचा दर वीस टक्क्यांच्या वर असतो. एकाच बाईच्या पोस्टातल्या ठेवीला सहा-सात टक्के, आणि तिच्याच कर्जाला बावीस-चोवीस. सगळीकडचे दर वाढले तर तिची ठेव थोडी सुधारेल आणि कर्जाचा हप्ता आणखी जड होईल. म्हणून आपली मागणी सरसकट दरवाढीची असू शकत नाही. म्हाताऱ्या आणि गरीब बायांच्या छोट्या ठेवींना महागाईपेक्षा जास्त दर मिळालाच पाहिजे, आणि गरीब बाईच्या कर्जाच्या दराला मर्यादा हवी, अशी ती नेमकी हवी.

महिलांसाठी म्हणून २०२३ मध्ये एक बचतपत्र आलं, महिला सन्मान. साडेसात टक्के, मुदत दोन वर्षं, जास्तीत जास्त दोन लाख. मार्च २०२५ अखेर ते बंदही झालं. ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे, तिची मर्यादा २०२३ मध्ये तीस लाख केली. चांगली योजना आहे. पण साठीच्या बाईच्या नावावर तीस हजार तरी असतात का, हे आपल्या वस्तीत विचारून बघा.

दर खाली गेले की आणखी एक गोष्ट होते. बँकेत परवडत नाही म्हणून म्हातारी माणसं जास्त व्याज देणाऱ्या पतसंस्थेकडे किंवा भिशीकडे वळतात. बँक बुडाली तर पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे. पतसंस्थेच्या ठेवीला ते विमा-संरक्षण नाही. निवृत्तीची सगळी रक्कम पतसंस्थेत ठेवून ती अडकलेल्या बाया मी पाहिल्या आहेत. त्या हावरट नव्हत्या, त्यांना फक्त महिन्याचा खर्च भागवायचा होता.

महागाई: पैसे तेवढेच, पिशवी रिकामी

जुन्या बाया म्हणतात, बारा टक्क्यांचे दिवस चांगले होते. तसं नेहमीच नव्हतं. १९९१-९२ मध्ये औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकानुसार महागाई साडेतेरा टक्के होती, म्हणजे बारा टक्के व्याज घेऊनही पैसा आतून झिजतच होता. २००९-१० मध्ये फंडाला साडेआठ टक्के आणि महागाई बारा टक्क्यांच्या वर. २०२०-२१ मध्ये किरकोळ महागाई सरासरी ६.२ टक्के, तर स्टेट बँकेच्या पाच वर्षांच्या ठेवीवर साधारण ५.४ टक्के. लाखभर रुपये ठेवले, वर्षाने १ लाख ५ हजार ४०० झाले. पण जी वस्तू लाखाला येत होती ती १ लाख ६ हजार २०० ला झाली. पासबुकात रक्कम वाढली आणि प्रत्यक्षात बाई आठशे रुपयांनी गरीब झाली. ज्येष्ठ नागरिकांना थोडा जास्त दर मिळतो, पण त्याने फार फरक पडला नाही. म्हणून कोणी व्याजाचा दर सांगितला की पहिला प्रश्न विचारायचा: महागाई किती?

ज्यांचं पेन्शन ठरलेल्या रकमेचं आहे त्यांचं काय होतं? तीन उदाहरणं घेऊ.

पहिलं, केंद्राचं वृद्धापकाळ पेन्शन. १९९५ साली महिना ७५ रुपयांनी ते सुरू झालं. २००६ मध्ये २०० रुपये केलं. साठ ते एकोणऐंशी वयाच्या माणसासाठी केंद्राचा वाटा त्यानंतर २०० वरच राहिला. या काळात किमती तिपटीहून जास्त झाल्या. २००६ च्या दोनशे रुपयांचं मोल राखायचं तरी आज सहाशेच्या वर द्यायला हवेत. विधवांचं केंद्रीय पेन्शन २००९ मध्ये आलं, २०१२ मध्ये २०० चं ३०० झालं, आणि तिथेच थांबलं.

दुसरं, ईपीएस-९५, म्हणजे फंड कापल्या जाणाऱ्या कामगारांचं पेन्शन. त्याचं सूत्र सोपं आहे. पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. सोलापूरच्या विडी कामगार बाईचा पगार कागदावर ३,००० आणि नोकरी वीस वर्षं धरली तर येतात ८५७ रुपये. सप्टेंबर २०१४ पासून किमान १,००० ठरले म्हणून तिला हजार मिळतात. पण या पेन्शनला महागाई भत्ता नाही. २०१४ च्या हजाराचं मोल आता सहाशेच्या आसपास उरलंय. किमान ७,५०० आणि त्यावर महागाई भत्ता ही मागणी घेऊन पेन्शनधारकांनी देशभर आंदोलन केलं, बुलढाण्यात तर साखळी उपोषण वर्षानुवर्षं चाललं. त्यात म्हाताऱ्या बायाही बसल्या. सूत्रातला बाईवरचा अन्यायही लक्षात घ्या. तिचा पगार कमी, आणि बाळंतपणं, आजारपणं, नवऱ्याची बदली यांत वर्षं तुटलेली. दोन्ही आकडे लहान, त्यांचा गुणाकार तर आणखी लहान. पगारातला भेदभाव तिच्या मरणापर्यंत पेन्शनमधून चालू राहतो. आणि बाया पुरुषांपेक्षा सरासरी जास्त जगतात, म्हणजे झिजलेल्या पैशांवर जास्त वर्षं काढायची.

तिसरं, अटल पेन्शन योजना. अठरा वर्षांची मुलगी महिना २१० रुपये भरू लागली तर साठीनंतर तिला महिना ५,००० मिळतील. बँकेत आपल्या पोरींकडून हे फॉर्म भरून घेतात. ५,००० ऐकायला बरे वाटतात. पण महागाई सहा टक्के धरली तर दर बारा वर्षांनी पैशाचं मोल निम्मं होतं. बारा वर्षांनी अडीच हजार, चोविसाव्या वर्षी साडेबाराशे, छत्तिसाव्या वर्षी सव्वासहाशे. बेचाळीस वर्षांनी तिच्या हातात येतील ते आजच्या साडेचारशे रुपयांएवढे. भरू नका असं मी म्हणत नाही. त्यावर म्हातारपण निघेल असं मात्र कोणाला सांगू नका.

याच देशात सरकारी नोकराच्या जुन्या पेन्शनला वर्षातून दोनदा महागाई भत्ता मिळतो, आणि तो योग्यच आहे. २००४ नंतरच्या केंद्रीय कर्मचाऱ्यांचं आणि नोव्हेंबर २००५ नंतरच्या महाराष्ट्राच्या कर्मचाऱ्यांचं जुनं पेन्शन गेलं. त्यासाठी राज्यातले कर्मचारी मार्च २०२३ मध्ये संपावर गेले. महागाई मोजून पेन्शन वाढवणं सरकारला जमतं, याचा हा पुरावाच आहे. मग तोच निर्देशांक दोनशे रुपयांना का लागू होत नाही?

'पैसा नाही' हे उत्तर

मंत्र्यांना विचारलं की उत्तर येतं, तिजोरीवर कर्जाचा बोजा आहे. बोजा खोटा नाही. महाराष्ट्रावरचं कर्ज २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात नऊ लाख कोटींच्या पुढे दाखवलं होतं. वित्तीय तूट आटोक्यात ठेवण्याचा कायदाही २००३ पासून आहे. पण काटकसर करायची वेळ आली की कात्री कुठे लागते ते बघा. व्याज थांबवता येत नाही. करसवलती थांबवायला हिंमत लागते. सर्वांत सोपं म्हणजे काहीच न करणं: दोनशे रुपये तसेच ठेवायचे आणि बाकीचं महागाईवर सोडायचं. कपात जाहीर करावी लागत नाही, मोर्चा येत नाही, विधानसभेत गोंधळ होत नाही. दरवर्षी थोडी थोडी कपात आपोआप होते.

आपल्या राज्यात संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेची रक्कम २०१९ मध्ये १,००० आणि २०२३ मध्ये १,५०० झाली. हे चळवळींचं यश आहे. पण रक्कम वाढवतानाही कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१ हजारच राहिली. दिवसाला ५८ रुपये, सगळ्या कुटुंबाचे! इतक्या कमी उत्पन्नाचा खरा दाखला कोणाला मिळणार? म्हणजे बाईने एक तर खोटं बोलायचं नाही तर उपाशी राहायचं. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली, तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाख, वय २१ ते ६५. पासष्टी ओलांडली की बहीण यादीतून बाहेर. तिथून तिने श्रावणबाळकडे जायचं, तर तिथे २१ हजारांची भिंत. ऐन म्हातारपणी, हात थकल्यावर, पैसे बंद. दोन्ही योजना एकाच सरकारच्या आहेत.

आपण काय करायचं?

बाबा आढाव आणि अरुणा रॉय यांच्या पुढाकाराने २०१२ मध्ये पेन्शन परिषद उभी राहिली. तिची मागणी होती की प्रत्येक वृद्धाला किमान वेतनाच्या निम्म्याहून कमी नाही इतकं पेन्शन मिळावं आणि ते महागाईशी जोडलेलं असावं. हे स्वप्नरंजन नाही. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा करून हमालांना फंड आणि ग्रॅच्युइटी दिली. त्यांचा ठरावीक एक मालक नव्हता, तरी मंडळामार्फत मालकांकडून लेव्ही वसूल झाली. घरकामगार बायांसाठी २००८ चा कायदा झाला, मंडळ आलं, पण माथाडींसारखा फंड त्यांच्या वाट्याला आला नाही. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये मान्य केलं. त्यामागे त्यांची अनेक वर्षांची लढाई होती.

म्हणून माझ्या मते मागण्या चार. केंद्राचा वाटा वाढवा आणि दरवर्षी निर्देशांकाप्रमाणे वाढत राहील असा कायद्यात लिहा. २१ हजारांची मर्यादा रद्द करा. ईपीएसच्या किमान पेन्शनला महागाई भत्ता द्या. छोट्या ठेवींच्या व्याजाला महागाईचा तळ द्या, म्हणजे दर त्याखाली जाणार नाही.

आणि मोर्चा निघेपर्यंत करायची साधी कामं आहेत. कारखाना सोडताना दहा वर्षं भरली नसतील तर बाया पेन्शनचा पैसाही काढून घेतात. त्याऐवजी योजना प्रमाणपत्र घ्यायला सांगा, पुढच्या नोकरीची वर्षं त्याला जोडली जातात. फंडावर, पोस्टाच्या खात्यावर वारस म्हणून कोणाचं नाव आहे ते तपासा. नवऱ्याच्या पश्चात विधवेला ईपीएसचं पेन्शन मिळतं, हे अनेकींना माहीतच नसतं. पतसंस्थेत सगळी पुंजी एका ठिकाणी ठेवू देऊ नका.

शेवटचं काम सगळ्यांनी मिळून करायचं. इथून गेल्यावर प्रत्येकीने आपल्या वस्तीतल्या किंवा गावातल्या साठीपुढच्या सगळ्या बायांची यादी करायची. चार रकाने: काय काम केलं, किती वर्षं केलं, आता महिन्याला काय मिळतं, आणि महिन्याचा किराणा, औषध, गॅस यांना किती लागतात. दोन महिन्यांनी आपण भेटू तेव्हा या याद्या एकत्र करू आणि त्या घेऊन आधी तहसीलदाराकडे, मग आमदाराकडे जाऊ. तिथे कोणी कर्जाचा बोजा सांगितला, तर तीन दिवसांच्या व्याजाचा आकडा आपल्याजवळ आहेच.